पाच थेंबांचं कार्ड

अख्खा बाजार त्याला पैलवान म्हणायचा. एका घावात हाड तोडणारा हा खाटीक सुई दिसली की घामाघूम होतो, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

त्याच्या यकृतात विषाणू निघाला होता. विषाणूचा उपप्रकार कळला की औषध ठरणार होतं, पण तो तपासणारी प्रयोगशाळा पडली लांब. बाटलीतलं रक्त तिथवर टिकत नाही, म्हणून नर्सने जाड कागदाचं कार्ड आणि बारीक सुई हातात दिली. "घरी बोट टोचा. पाच गोलांत पाच थेंब पाडा, सावलीत वाळवा आणि आणून द्या."

पैलवानाने दुकानात सुई उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. समोर ओट्यावर ताजं रक्त होतंच, बोकडाचं. रक्त ते रक्त, म्हणत पठ्ठ्याने पाचही गोल भरले आणि कार्ड मात्र अगदी सांगितल्याबरहुकूम सावलीत वाळवलं!

दवाखान्यात निकाल आला. विषाणू सापडला नाही.

"कधीकधी शरीरच त्याला हुसकावून लावतं," नर्स म्हणाली. "नशीबवान आहात."

बायको तिथेच बाकावर बसून आनंदाने रडली. पैलवान निकालाच्या कागदाच्या घड्या घालत राहिला. इतक्या लोकांत कुठल्या तोंडाने सांगणार?

रक्तातून घरच्यांना लागण होऊ नये म्हणून घरी त्याचा वस्तरा आणि नेलकटर वेगळ्या डब्यात असायचं. बायकोने येताच तो डबा उघडला, नेलकटर काढलं आणि धाकट्या लेकीला मांडीवर ओढलं.

"ये गं, केवढी नखं वाढलीत! आता कशाला हवंय वेगळं?"

"थांब!" त्याने ते हिसकावूनच घेतलं. "ते रक्त माझं नव्हतं. बोकडाचं होतं. मला... मला टोचून घ्यायची भीती वाटते."

शरमेने त्याचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं. ती हसेल, निदान शिव्या तरी घालेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

तिने नेलकटर डब्यात ठेवलं. झाकण घट्ट लावलं.

"मला म्हणाला असतात," ती हळूच म्हणाली, "तर मी हात धरला नसता का?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. त्याची मान वर होईना. बायकोने त्याचा हात मनगटाशी घट्ट धरून पुढे केला.

"टोचा, सिस्टर," ती म्हणाली. "मी सोडत नाही."