बावन्न चाव्यांची हरकत

रोज सकाळी पावणेआठला वनमाला दुधाच्या पावडरीचा जुना डबा काखेत धरून घराबाहेर पडायची आणि गल्लीतलं प्रत्येक बंद कुलूप दोनदा ओढून बघायची. एकदा खाली, एकदा पुढे. मग अंगणवाडीत जायची. तिथे ती मदतनीस होती. डब्यात बावन्न चाव्या होत्या. डबा बरोबर न्यायची खरं तर गरज नव्हती, कारण चावी लावायचीच नसायची. पण चाव्या घरी ठेवून कुलपं बघत फिरणं तिला बरं वाटत नसे.

खडकाळी ही वस्ती धारूरच्या रस्त्याला, नव्याने नगरपंचायत झालेल्या एका गावाच्या टोकाला आहे. एकसष्ट घरं. दसरा झाला की त्यातली बावन्न घरं ऊसतोडीला जातात. निघताना जो तो आपली चावी वनमालाकडे देतो. चावीला ओळख म्हणून चिंधी बांधलेली असते. कुणाच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या पोराच्या गणवेशाची पट्टी, बायनाबाईची तर परकराची नाडी. नियम एकच, आणि तो कधी कुणी बोलून दाखवला नव्हता: चावी सांभाळायची, घर उघडायचं नाही. अकरा वर्षांत वनमालाने एकही घर उघडलं नव्हतं. एकदा एका घरात मांजर अडकून ओरडत होतं, तेव्हाही तिने आधी कर्नाटकात तोडीला गेलेल्या घरवाल्यांना फोन लावला आणि मगच मागची खिडकी ढकलली.

ती स्वतः पूर्वी तोडीला जायची. अंगणवाडीचं काम मिळालं तशी राहिली. नवरा, परमेश्वर, उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला. मागे उरलेल्या दिवसांत तिने एकतिसाव्या वर्षी दहावी केली, मग बाहेरून बी.ए. केलं आणि बेचाळिसाव्या वर्षी लोकप्रशासनात एम.ए.ला नाव घातलं. लोकप्रशासनच का, असं कुणी विचारलं तर ती सांगायची की केंद्रावर मराठीच्या जागा भरल्या होत्या आणि इतिहासाचे सर बदलून गेले होते.

महिन्यातून दोन रविवार ती बीडला तासाला जायची. मांजरसुंब्याला गाडी बदलताना धाब्याच्या बाकावर बसून वाचायची. नगररचनेचा पेपर तिला आवडला. नकाशात पिवळ्या रंगात माणसं राहतात, हिरव्यात बगीचा असतो, एवढं कळल्यावर ती कुठलाही नकाशा दिसला की उलगडून बसायची. लोकांना ती तलाठी वाटायची. संशोधन पद्धतीत तिला अडुसष्ट गुण पडले. त्या पुस्तकातलं एक वाक्य तिने पेनने अधोरेखित केलं होतं. संशोधकाने स्वतःला आधीपासून असलेली माहिती बाजूला ठेवावी आणि समोर दिसेल तेच नोंदवावे.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी, डिसेंबरात, गावाच्या विकास आराखड्यासाठी पाहणी आली. पाहणी करणाऱ्या कंपनीचा मुलगा होता सत्यम. हातात टॅबलेट. त्याला स्थानिक, शिकलेलं माणूस हवं होतं. खडकाळी त्याने वनमालाला दिली आणि सांगितलं की मनाचं काही भरायचं नाही. हे तिला आधीच माहीत होतं. प्रत्येक घरापुढे तीन पर्याय होते: राहते, रिकामे, मोडकळीस आलेले. वनमाला सकाळच्या फेरीतच ते काम करू लागली. कुलूप दोनदा ओढायची, आत कुणी नाही याची खात्री करायची आणि ‘रिकामे’वर बोट ठेवायची. डबा काखेतच होता.

हीच आकडेवारी तिने पुढच्या वर्षी आपल्या प्रबंधात वापरली. चौथ्या प्रकरणात लिहिलं की वस्तीतील पंच्याऐंशी टक्के घरे रिकामी आहेत. मार्गदर्शक बद्रीनाथ सरांनी त्या पानावर ‘शिस्तबद्ध’ असा शेरा मारला.

त्या दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत नगरपंचायतीच्या भिंतीवर आराखड्याचा नकाशा लागला. गर्दी बाजारपेठेच्या रुंदीकरणापाशी होती. वनमालाने धारूरचा रस्ता बोटाने धरला आणि टोकापर्यंत आली. खडकाळी हिरवी होती. आरक्षण क्रमांक चौदा, बगीचा. मध्ये नऊ पिवळे ठिपके होते. त्यातला एक तिच्या घराचा.

तिने आत जाऊन कारकुनाला हरकतीचा अर्ज मागितला. मुदत तीस दिवसांची होती. ज्याचं घर त्याने अर्ज करायचा, असं कारकून म्हणाला. घरवाले पाडव्यानंतर येणार होते. तिने एकटीचा अर्ज दिला. पाहणी कोणी केली या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि हरकत कोणाची या रकान्यातही. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

रविवारी तिने बद्रीनाथ सरांना सांगितलं. आकडा चुकीचा असेल तर चौथं प्रकरण चुकीचं, ते चुकीचं तर प्रबंध चुकीचा, असं ते शांतपणे म्हणाले. मार्चमध्ये तोंडी परीक्षा होती. तेवढी होऊ दे, मग काय ते बोल, असा त्यांचा सल्ला होता.

“मुदत फेब्रुवारीत संपतीय, सर, अर्ज दिलाय मी,” वनमाला म्हणाली आणि प्रबंध मागे घ्यायचा अर्ज कोणाच्या नावे करायचा ते विचारून घेतलं.

सुनावणीला नियोजन समितीपुढे तिचा नंबर तेविसावा होता. तिने डबा टेबलावर ठेवला. बीडहून आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद चाळले.

“पाहणी कुणी केली होती?”

“मीच केलती.”

“मग आता म्हणणं काय आहे?”

“माझ्या पाहणीवर माझी हरकत हाय.”

मागे कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी विचारलं की ही घरं रिकामी नाहीत याला पुरावा काय. वनमालाने डबा उपडा केला. चिंध्या बांधलेल्या बावन्न चाव्या कागदांवर पसरल्या. अधिकाऱ्यांनी नाडी बांधलेली एक उचलून पाहिली आणि म्हणाले, ठीक आहे, घरं उघडून दाखवा.

इथे वनमाला अडली. तिने आठ दिवस मागितले.

आठ दिवस ती फोन करत होती. उसाच्या फडात रेंज नसे, म्हणून बायामाणसं मोळ्या बांधून रस्त्यावर आली की मग बोलणं व्हायचं. घरावर बगीचा येणार हे तिने प्रत्येकाला समजावून सांगितलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी कसला बगीचा ते विचारलं. बायनाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“अगं पण साहेब कावून आत येनार?”

“घर वापरात हाय का ते बघायला.”

“मंग आधी झाडून घे माय. अन् पलंगाखालचं बघू देऊ नको, लई पसारा हाय.”

एकावन्न घरांनी हो म्हटलं. तानाजी नाही म्हणाला. गेल्या साली त्याची आई त्या घरात वारली होती आणि दिवसकार्य उरकून तो तसाच फडावर गेला होता. “वैनी, मी आल्याबिगर ते कुलूप निघनार न्हाई,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

पाहणीच्या दिवशी अधिकारी आले. टॅबलेट घेऊन सत्यमही आला. पहिलं घर बायनाबाईचं. दोन कणग्या, पोतं पांघरलेला टीव्ही, भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. चुलीपाशी चार गोवऱ्या आणि त्यावर काडेपेटी, आल्या आल्या चहाला लागते म्हणून. वनमाला प्रत्येक दारात चपला काढत होती. चौथ्या घरापासून अधिकारीही बूट काढू लागले. त्यामुळे वेळ लागला. सत्यमच्या टॅबलेटवर अजून तेच तीन पर्याय होते. काय भरू, असं त्याने विचारलं.

“राहते.”

“पण सर, आत कुणीच नाही.”

“राहते भरा.”

तानाजीच्या दारात वनमाला चावी मुठीत धरून उभी राहिली. परवानगी नाही, असं तिने सांगितलं. तसं असेल तर हे एक घर धरता येणार नाही, असं अधिकारी म्हणतील असं तिला वाटलं होतं आणि रात्रभर तिने त्याचाच विचार केला होता. अधिकारी पुढे झाले. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. एकदा खाली, एकदा पुढे.

“हेही राहते,” ते म्हणाले आणि सावलीत जाऊन पाणी प्यायले.

समितीच्या अहवालात चौदा क्रमांकाचं आरक्षण वगळावं अशी शिफारस झाली. वरची मंजुरी अजून यायची आहे. वनमालाचं एक वर्ष गेलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी ती अंगणवाडीत खिचडी शिजवत होती. नव्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तिने सगळ्यात आधी लिहायला घेतलं. बद्रीनाथ सरांनी त्यावर अजून शेरा मारलेला नाही.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर आले. चाव्या एकेक करून डब्यातून गेल्या. तानाजी चावी घेऊन गेला आणि थोड्या वेळाने पाण्याचा हंडा मागायला परत आला. बायनाबाईने आल्या आल्या विचारलं की साहेबाने पलंगाखाली बघितलं का. न्हाई बघितलं, असं वनमालाने सांगितलं. मग बायनाबाई डोक्यावरचं बोचकं तसंच ठेवून कुलपाशी झटू लागली. ते उघडेना.

“डावीकडं फिरव,” वनमाला आपल्या दारातून म्हणाली. “तेल कालच सोडलंय.”