कोंडीबाच्या कमरेचा दोर

जवळा बाजारच्या आसपास दहा-बारा खेड्यांत कुणाच्या घरावर फांदी झुकली, कुणाच्या शेतातल्या आखाड्यावरचं झाड वाळलं, की एकच नाव निघतं. जळबाला सांगावा धाडा. बावन्न वर्षांचा, वाळल्या शेंगेसारखा सडसडीत माणूस. जमिनीवर चालताना जरा फेंगडा चालतो, पण एकदा का खोडाला बिलगला की खारीनं बाजूला व्हावं. चढायच्या आधी तो खोडावर तळवा टेकवून घटकाभर उभा राहतो आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो. काय पुटपुटतो ते त्याच्या बायकोला, पारुबाईलासुद्धा, आजवर कळलेलं नाही.

झाडांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. शेवग्यावर पाय द्यायचा नाही, तो गाजरासारखा मोडतो. जांभळीचा भरवसा धरायचा नाही, वरून हिरवीगार दिसते आणि आतून दगा देते. लिंब आधी वाजवून बघायचा, ढोली असली तर आवाज सांगतो. चिंच इमानदार, मोडायच्या आधी करकर करून इशारा देते. आणि बाभळीवर चढायचं असेल त्या दिवशी घरी भांडण करायचं नाही, कारण काटे काढायला शेवटी बायकोच लागते.

कामाचे नियमही त्याचे त्यानंच घातलेले. पोटभर खाऊन चढायचं नाही. मोबाईल खाली पिशवीत. माणूस वर असताना खालून नाव घेऊन हाक मारायची नाही, हाक आली की माणूस खाली बघतो. आणि सगळ्यांत मोठा नियम दोराचा. दोराचं एक टोक जळबाच्या कमरेला. तिथून दोर फांद्यांच्या वरच्या मजबूत दुबेळक्यातून खाली येणार आणि दुसरं टोक खालच्या माणसाच्या कमरेला, दोन वेढे घालून. खोडाला नाही, खुंट्याला नाही. माणसाचा जीव माणसाच्याच कमरेला. वरच्यानं पाय पुढं टाकला की खालच्यानं हातभर सोडायचा, मागं घेतला की ओढून घ्यायचा. वर काय चाललंय ते खालच्याच्या कंबरेला कळलं पाहिजे. खोडाला काय कळणार?

तो खालचा माणूस म्हणजे कोंडीबा. जळबाहून बारा वर्षांनी मोठा, बोलायला कमी, तंबाखू मळायला जास्त. सत्तावीस वर्षं ही जोडी मोडलेली नाही.

बावीस वर्षांपूर्वी सिद्धेश्वरच्या कालव्याकाठी जांभळीची एक फांदी जळबाच्या पायाखालून गेली. तो वरून सुटला आणि खाली कोंडीबा दोरासकट फरफटत निघाला. मुरमावरून पोटावर घसरत थेट झाडाच्या बुडख्याला छातीनं जाऊन आदळला. दोन बरगड्या मोडल्या. पण दोर काही त्यानं सोडला नाही. जळबा जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबत राहिला आणि खालून कोंडीबा म्हणाला, "उतर की आता. पाव्हणा म्हून आलास का तिथं?"

त्या दिवसापासून कामाच्या दिवशी पारुबाई भाकरी दोन घरच्या करते. कोंडीबाची भाकरी वेगळ्या फडक्यात आणि त्यावर लसणाची चटणी. कोंडीबाला तिनं एकदाच तोंडावर सांगितलं होतं, "भाऊजी, माझं कुंकू तुमच्या कमरेला हाय." कोंडीबा लाजून तंबाखू थुंकायला बाहेर गेला होता.

आणि हे सगळं असं असल्यामुळंच जळबाला यंदा झोप लागत नव्हती.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी कनेरगाव नाक्याजवळ एका धाब्यामागचा लिंब छाटताना जळबानं अंग दोरावर टाकलं, आणि दोर सुटला. फार नाही. कोपरापासून बोटांपर्यंत एवढाच. लगेच धरलाही गेला. पण सत्तावीस वर्षांत जे एकदाही झालं नव्हतं ते झालं. जळबानं वरून चोरून बघितलं. कोंडीबा टाचा रोवून कमरेवरचा वेढा घाईघाईनं आवळत होता. वर बघायला मात्र तयार नव्हता.

जळबानं खाली उतरून चहा घेतला, ऊन फार हाय म्हणाला आणि विषय त्याच ठिकाणी पुरला.

शाळेतली चिंच छाटायचं काम निघालं त्या सकाळी पारुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, महिना झाला बघून राहिले, तोंड का असं सुपारी अडकल्यावानी?"

जळबानं कनेरगावचं सांगितलं. पारुबाईचा हात भाकरीवरच थांबला.

"मंग बोला की त्यायला."

"काय बोलू? दादा, तुमच्यात आता जोर न्हाई राहिला, असं बोलू? त्या माणसाच्या बरगड्या माझ्यापायी मोडल्या."

"अन् तुमी पडल्यावर मी कुणाला बोलू?"

पारुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "चटणी जरा जास्त घालते आज."

दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, शाळा रिकामी. चिंचेची एक जाडजूड फांदी वर्गाच्या पत्र्यांवर आडवी आलेली, अर्धी वाळलेली. ग्रामपंचायतीनं काम सांगितलं होतं आणि नवीन ग्रामसेविका ऐश्वर्या मॅडम स्वतः हजर. वय पंचविशीच्या आसपास, पायात बूट, हातात कागद आणि स्कुटीवर एक भलीमोठी पिशवी. पिशवीतून एक पिवळं हेल्मेट निघालं, एक छाती-कमरेला आवळायचा पट्टा निघाला आणि जाड तळव्याचे बूट निघाले.

"काका, हे घातल्याशिवाय कुणी चढायचं नाही. माझ्या सहीनं काम चाललंय."

जळबानं हेल्मेट फिरवून फिरवून बघितलं. "हे चांगलं हाय. चिंचेवर मुंगळे असतात, टाळूवर पडले की माणूस नाचतो." पट्टा ओढून पाहिला. "हेबी बराबर. पण मॅडम, हे ज्या फांदीवर करवत चालवायची तिलाच बांधून बसलेला एक शहाणा मी बघितला हाय. ते या कागदात लिहा." मग बूट हातात घेऊन त्यानं मान हलवली. "हे न्हाई जमणार. पायाला डोळे असतात मॅडम. फांदी ओली का वाळली, साल सुटली का घट्ट, हे पायच सांगतात. हे बूट म्हणजे डोळ्याला पट्टी."

मॅडम जरा विचारात पडल्या. "कॅनव्हासचे पातळ चालतील?"

"मुलाचे पडलेत घरी. मागवतो."

"बरं. बुटांचं मान्य. पण एक गोष्ट मी ऐकणार नाही." त्यांनी कोंडीबाकडं बोट केलं. तो तोवर कमरेला वेढे घालत उभा होता. "दोर माणसाच्या कमरेला बांधायचा नाही. शेजारचा तो लिंब आहे ना, त्याच्या खोडाला वेढे द्यायचे."

कोंडीबाचा हात थांबला. "काहून?"

"काका, वरच्याचं वजन अचानक आलं तर दोघं जातात. गेल्या वर्षी एका गावात असंच झालं. मी पाहिलंय."

"मीबी बघितलं हाय," कोंडीबा म्हणाला. मग जळबाकडं बघून बोलला, "जळबा, तुझं काय म्हणणं? खोडाला कळतं का वर तू काय करून राहिला ते?"

आता सगळे जळबाकडं बघायला लागले. महिनाभर जे तोंडातून बाहेर येत नव्हतं ते या पोरीनं भर अंगणात उभं राहून, कुणाला काही ठाऊक नसताना, नियम म्हणून बोलून टाकलं होतं. जळबाला मनातून तिचे पाय धरावेसे वाटले. आणि त्याच वेळी कोंडीबाच्या डोळ्यात बघायची लाज वाटली.

"दादा," तो म्हणाला, "सरकारी काम हाय. त्यांची सही हाय. आजच्या दिवस खोडाला देऊ."

"म्हंजे माझं काम झालं मंग. खोडाला वेढे द्यायला कुणीबी चालतं." कोंडीबानं कमरेचे वेढे सोडले, दोर जमिनीवर ठेवला आणि पायरीवर जाऊन बसला.

जळबा त्याच्यापाशी गेला. जे खरं होतं तेच बोलला. "कुणी दुसरा खाली असंल तर मी चढत न्हाई. मॅडमला सांगतो, काम रद्द करा."

कोंडीबा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग उठला, लिंबापाशी गेला, खोडावर थाप मारून बघितली आणि दोराचे तीन वेढे घातले.

काम सुरू झालं ते रखडतच. तीन वेढ्यांत दोर जागचा हलेना. जळबानं पाय पुढं टाकला की दोर मागं ओढी. वरून त्याची शिवी आली, खालून कोंडीबाची परत गेली.

"दोर सोडा की, का बांधून घातलंत मला?"

"ही बाई म्हणती खोडाला दे, दिलं. खोड सोडत न्हाई त्याला मी काय करू?"

मॅडमना हसू आवरेना. पण कोंडीबाचं डोकं चालू झालं होतं. जळबा चालतोय, दोन वेढे काढले, दोर सरकू लागला. जळबा थांबून करवत काढतोय, दोन वेढे वाढवले. पुन्हा चालतोय, पुन्हा काढले. तासाभरात त्याला असं जमलं की जळबाला दोर आहे हेच विसरायला झालं. मोठ्या फांदीपाशी जळबा बसला तेव्हा कोंडीबानं न सांगता चार वेढे घातले, दोराचं शेपूट हातात घेतलं आणि उभा राहिला.

फांदी निम्मी कापून झाली. चिंच करकरली. जळबा सावध होऊन मागं सरला, पण फांदी खाली जायच्या ऐवजी पत्र्याच्या कडेला टेकली, बुडाशी उसळली आणि तिचा बुंधा त्याच्या छातीवर येऊन बसला. पाय निसटले. जळबा सुटला.

आणि लगेच थांबला. हातभरसुद्धा गेला नसेल. पट्टा काखेत रुतला, हेल्मेट खोडावर ठक्कन आपटलं आणि तो घंटेसारखा लोंबत राहिला. फांदी कडाडत पलीकडच्या मोकळ्या अंगणात पडली.

त्यानं खाली बघितलं. कोंडीबा जमिनीवर बसला होता. त्याला कुणी ओढलं नव्हतं. तो आपणच मटकन बसला होता. पण हातात दोराचं शेपूट घट्ट होतं आणि लिंबावरचे चार वेढे जागच्या जागी होते. सालीवर नुसती एक ओली रेघ उमटली होती.

मॅडमच्या हातातला कागद खाली पडला होता तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

कोंडीबा बसल्या बसल्याच एकेक वेढा सोडत गेला आणि जळबाला हळूहळू, अंडं ठेवावं तसं, जमिनीवर उतरवलं. मग पहिला शब्द त्याच्याच तोंडून आला.

"माझ्या कमरेला असता तर गेला असतास."

जळबा पट्टा सोडत राहिला.

"कनेरगावला सुटला होता," कोंडीबा म्हणाला. "लिंबावर होतास तवा. हातभर. तुला कळलं न्हाई."

"कळलं होतं."

कोंडीबानं मान वर केली. "मंग बोलला काहून न्हाईस?"

"तुमी काहून न्हाई बोललात?"

"कसा बोलू? एवढंच तर काम येतं मला." कोंडीबा दोराची गुंडाळी करू लागला. "रोज वाटायचं, आज सांगावं. मंग पारुबाईची भाकरी हातात यायची. ती भाकरी खाऊन कसं सांगू, की बाई, मला आता धरवत न्हाई?"

जळबा त्याच्या शेजारी मातीतच बसला. त्याला वाटलं होतं, ओझं आपल्या एकट्याच्या मानेवर आहे. म्हणजे दोघं महिनाभर एकमेकांना सांभाळत, एकमेकांपासून लपवत, तेच घेऊन हिंडत होतो तर.

"दादा," तो म्हणाला, "सत्तावीस वर्षांत दोनदा वाचवलंत. आजची दुसरी."

"आज त्या लिंबानं वाचवलं."

"लिंबाला चार वेढे कुणी घातले? फांदीपाशी बसल्यावर मी काही बोललो होतो का?"

मॅडम पुढं आल्या आणि कोंडीबाच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या. "काका, किती वेढे कधी घालायचे हे मला लिहून घ्यायचंय. आमच्या कागदात फक्त खोडाला बांधा एवढंच आहे."

"लिहून कुठं येतं ते?" कोंडीबा फणकारला. पण पाठ जरा ताठ झाली. "बरं लिहा. माणूस चालत असला तर एक. कापत असला तर तीन. चिंचेची मोठी फांदी असली तर चार, ती उसळते. दोर ओला असला तर एक कमी, ओला दोर धरून ठेवतो. अन् ज्याला वेढा द्यायचा ते खोड आधी वाजवून बघायचं, हे पहिल्या नंबरला लिहा."

मॅडम लिहीत होत्या. जळबाला त्या मान खाली घातलेल्या पोरीकडं बघून गलबलून आलं. तिचे आभार मानायचे म्हणून त्यानं पडलेल्या फांदीवरचे चिंचेचे कोवळे आकडे तोडले आणि पिशवी भरून तिच्या स्कुटीला अडकवली. "मीठ लावून खा मॅडम. दात आंबतील, पण खा."

घरी पारुबाईला त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या मॅडम जेवायला कधी येतेत?"

आठ दिवसांनी औंढ्याच्या रस्त्याला दोन वाळलेल्या लिंबांचं काम मिळालं. जळबा हेल्मेट डोक्यावर घालून, पट्टा आवळून, पातळ बूट चढवून तयार झाला. कोंडीबा दोर खांद्यावर टाकून पुढं गेला होता. वेढे द्यायला म्हणून रस्त्याकडेच्या एका सुबाभळीवर त्यानं थाप मारली, कान लावला, पुन्हा थाप मारली.

"दादा, चढू का?"

"थांब. हे पोकळ हाय." कोंडीबा मागं न बघता पुढच्या झाडाकडं चालू लागला. "मी सांगेपर्यंत पाय उचलायचा न्हाई."

जळबा पाय न उचलता उभा राहिला.