नऊ नंबरचा डबा

नेरुळच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मी आजही वाट बदलते.

इंटर्नशिपमध्ये राउंडच्या आधी अख्ख्या वॉर्डाचं रक्त मलाच काढावं लागायचं. सलग दुसऱ्या दिवसाची ड्युटी होती, पोटात काही नव्हतं. नऊ नंबरचा पेशंट पहाटे गेला होता. रिकामा बेड पाहून मनात आलं, ‘चला, एक सुई वाचली.’

तेवढ्यात सारसोळ्याहून त्याची बायको डबा घेऊन आली. तिला कुणीच कळवलं नव्हतं.

“बाय, यांना कुठं हलवलं गो?”

“सिस्टरना विचारा.”

माझ्याकडे बघत ती म्हणाली, “उपाशी हाय ना तू? खा थोडं.” डबा माझ्या हातात देऊन ती गेली.

तिचा हंबरडा ऐकू आला तेव्हा माझ्या तोंडात बोंबलाचा घास होता. तो मी नीट चावून गिळला.