बुडबुडा मधोमध

मला सुतारकाम येत नाही, हे मी सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, डोणगावच्या शेतकरी मेळाव्यात व्हायोलिनवर स्वागतगीत वाजवायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेजवर! व्हायोलिन तिच्या वडिलांचं. पण बोटं दाबतात त्या काळ्या पट्टीला मधेच उंचवटा आला होता, आणि तार तिथे काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखी गुणगुणायची.

"अकोल्याले दाखवून आणा," ती म्हणाली.

"अकोला कशाला? लाकूडच तर आहे!" (सुतारकामावरचं जाडजूड पुस्तक मी नुकतंच वाचलं होतं. वाचलं की आलं, हा समज मास्तरांनाच होतो.)

शेजारच्या सलीमभाईंचं फर्निचरचं दुकान. त्यांच्याकडे तासायला रंधा आणि पातळी बघायला पाणसळ मागितली.

"काय तासून राह्यले, गुरुजी?"

"उंबरठा," मी ठोकून दिलं.

"मंग बुडबुडा बीचमधी आला पायजे. तवालोक सोडू नका!"

सोडलं नाही! मेळाव्याच्या आदल्या दुपारी सुनंदा बाजारात गेली, आणि मी तारा उतरवल्या. उंचवटा रंध्याच्या दोन हातांत गेला. मग पाणसळ आडवी ठेवली, तर पट्टीला दोन्ही कडांना उतार! किती बेशिस्त कारागीर! तोही तासला. बुडबुडा मधोमध. पण तारा पेलणारी घोडी वरून कमानीसारखी. सपाट पट्टीला ती शोभेल? कानशीनं तीही सरळ केली. चारही तारा पंगतीत बसल्यासारख्या एका रांगेत!

सुनंदानं येऊन तारांवर गज टेकवला. एक तार वाजायची होती, चारही बोंबलल्या.

"अहो, हे गोलच असते! एकेक तार वेगळी वाजाले पायजे!"

"आधी सांगायचं ना."

"मले काय मालूम तुमी बाबाच्या व्हायोलिनले उंबरठा समजसान! सलीमभाई रस्त्यात इचारत होते, बसला का म्हणून!"

दुसरं व्हायोलिन गावात नव्हतं. मे महिन्यात कोट घालून आलेल्या बियाणे कंपनीच्या साहेबांसमोर ती तेच घेऊन उभी राहिली. पहिल्याच सुरात मांडवाबाहेरची बैलजोडी दावं तोडून पळाली. साहेबांनी हार काढून कानांवर धरला. सुनंदानं मात्र ओठ घट्ट मिटून गीत पुरं केलं.

मग साहेब उठले. "आमच्या बीटी वाणाला बोंडअळी लागूच शकत नाही!"

"मागच्या साली लागली ते काय पाहुणी होती?" मागून कोणीतरी.

"यंदा येणारच नाही!"

"आलीच त ताईले बलावू!" हे माझे सख्खे मेव्हणे. "अळी काय, जंगलातले रोहीबी वावरात पाय ठेवनार नाई!"

त्या दिवशी टाळ्या पडल्या त्या एवढ्या वाक्याला.

त्या हंगामात अळी आली, रोही आले, फक्त साहेब आले नाहीत. व्हायोलिन मात्र अकोल्याहून गोल होऊन आलं, आणि सुनंदानं पुढे गणपतीत वाजवून मांडव गप्प केला. मेव्हण्यांनाच तेवढं वाईट वाटलं. "भाऊजी, पुन्यांदा तासून द्या ना!"

शेवटी एकदाचा सलीमभाईंचा रंधा परत द्यायला निघालो, तर सुनंदानं तो हातातून घेतला.

"ठेवा दोन दिवस. एक उंचवटा अजून राह्यला."

मी उंबरठ्याकडे पाहिलं. ती माझ्या डोक्याकडे पाहत होती.