कयाधूकाठचा तंबू
उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा उग्र वास आला की मला कयाधू नदीचा काठ आठवतो. वसतिगृहात असताना आम्ही तिघी मैत्रिणी दर हिवाळ्यात तंबू ठोकून राहत असू; लग्नानंतर नऊ वर्षं ते बंद पडलं. मग एका कार्तिकात आवळीभोजनाला आम्ही पुन्हा जमलो. आवळीखाली रांधून जेवायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं, अशी रीत. आम्ही मात्र जेवून तंबू उभारायला घेतला. तेवढ्यात सासऱ्यांचा म्हातारा गडी बैलगाडी घेऊन आला. "चला बाईसाहेब, मालक वाट पाहून राहिले." "उद्या येते म्हणून सांगा, मामा." "बायामाणसांनी रानात काहून ऱ्हायचं वो?" एक मैत्रीण म्हणाली, "तुम्ही रात्री पीक राखायला जागलीला राहता, तेव्हा तुम्हाला कोणी विचारतं का?" तो हसला. "मला न्हाई इचारत. पण मालक बोलतील तुमाला." "बोलू द्या," मी म्हणाले. तंबूचा एक दोर आखूड पडत होता, म्हणून मला न्यायला आलेल्या त्या गाडीचाच दोर मी सोडून घेतला आणि गाडी रिकामी परत पाठवली. सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी माफी मागितली नाही. आज ऐंशी उलटल्यावरही मागणार नाही, आणि बाळांनो, माझ्यामागे तुम्हीही माझ्या वतीने मागू नका.