तांब्याचा बंब आणि पाठमोरी माणसं

ही फिर्याद कोर्टात कधी उभी राहिली नाही. पेपरात चार ओळी यायच्या, त्याही आल्या नाहीत. तरी आज कुणी म्हटलं, "साहेब, नोकरीतली एखादी केस सांगा," की खून-दरोड्यांच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर एक तांब्याचा बंब येतो.

संपामुळे गिरण्या बंद पडल्यानंतरची ती वर्षं. मी घाटकोपर भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका सोमवारी संध्याकाळी बँकेतला एक कारकून तणतणत आला. चाळीतल्या त्याच्या आठ नंबरच्या खोलीपुढच्या गॅलरीतून वडिलोपार्जित तांब्याचा बंब चोरीला गेला होता. सकाळी तो कामावर आणि बायको बाजारात. घरी फक्त म्हातारे वडील. फिर्याद नोंदवून घेतली, गॅलरीचा पंचनामा केला. बंबाच्या जागी फरशीवर काळं वर्तुळ तेवढं उरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. चाळीसमोरचा पिठाच्या गिरणीवाला हवालदारांना म्हणाला, "पंधरा दिवस एक माणूस फिरतोय. कापडी पिशवीत कायतरी लपवतो, भिंतीपासून पावलं मोजतो आणि वहीत लिहितो. तुम्हीच बघा काय ते." टेहळणी म्हणतात ती हीच, अशी माझी खात्री झाली. बुधवारी सकाळी नऊला तो इसम पुन्हा आला आणि आम्ही त्याला उचलला.

तिशीचा, सडपातळ, मूळचा मालवणकडचा. पिशवीत जुना कॅमेरा निघाला आणि खिशात वही. वहीत लिहिलं होतं, 'चाळीची गॅलरी, सोमवार, पावणेअकरा, ८ – १२५, दहा पावलं.'

हवालदार खूश झाले. "साहेब, आठ म्हणजे खोली नंबर. एकशे पंचवीस याच्या साथीदाराचा असणार."

मलाही ते पटलं. चोरीचा दिवस, चोरीची वेळ, खोलीचा नंबर, सगळं त्याच्याच अक्षरात. अजून काय पाहिजे?

मी त्याला समोर बसवलं. "माल कुठाय?"

"कसला माल, साहेब? मी फोटो काढतो. शिकतोय. रस्त्यावरची माणसं, बाजार, असलंच."

"मग कॅमेरा लपवतोस कशाला?"

त्यानं मान खाली घातली. "लाज वाटते. लोक बघतात, 'काय रे ए' करून ओरडतात. म्हणून मी मागनंच काढतो."

"साहेब, हा येडा बनवतोय आपल्याला," हवालदार म्हणाले.

तासभर मी फिरवून फिरवून तेच विचारलं. काय चोरीला गेलं, हे मात्र सांगितलं नाही. संशयितासमोर मालाचं नाव आपण घ्यायचं नाही, ते त्याच्या तोंडून यावं, ही आमची शिकवण. चांगली शिकवण आहे. त्या दिवशी तिनंच आमचा घात केला, कारण बिचाऱ्याला कशाबद्दल विचारतोय हेच ठाऊक नव्हतं.

शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साहेबानू, देवाशप्पथ सांगतंय, मी चोर न्हय. गिरणी बंद झाली तेव्हापासून तीन वर्षांनी नोकरी लागलीय, भांडुपला, कंपनीत. पुढच्या महिन्यात कायम करणार आहेत. तीनची पाळी आहे. आज गेलो नाही आणि अटक झाली हे कळलं, तर माझी वाट लागेल."

असं सगळेच म्हणतात. पण त्यानं एक गोष्ट वेगळी केली. मी कॅमेरा उघडायला हात घातला तसा तो ओरडला, "उघडू नका, साहेब! रोल जाईल!" स्वतःच्या गळ्यापेक्षा रोलची काळजी करणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. अटकेची नोंद करायला ठाणे अंमलदारानं पेन उघडलं होतं. त्याला म्हटलं, थांब जरा.

हवालदारांना आणि दोन पंचांना घेऊन स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत गेलो. मालक गुजराती, मुरलेला माणूस. वही बघून तो हसायलाच लागला. "अरे साहेब, हा तर उजेडाचा हिशोब हाय. आठवर भोक, एकशेपंचवीसवर खटका. नवीन शिकणारा लिहून ठेवतो ना. आणि दहा पावलं म्हणजे फोकस आधीच बांधून ठेवलाय."

म्हणजे आमचा साथीदार कॅमेऱ्याच्या चकतीवर राहत होता. हवालदार खिडकीबाहेर बघू लागले.

रोल धुतला. एकतीस फोटो, आणि सगळ्यांत माणसांच्या पाठी. भाजीवाली पाठमोरी, हमाल पाठमोरा, शाळेला चाललेली पोरं पाठमोरी. एकाही माणसाचं तोंड नाही. पण वहीतली प्रत्येक ओळ फोटोशी जुळत होती. सोमवार, पावणेअकराचा फोटो मी मोठा करून मागितला. गॅलरीत भांडीवाला उभा. त्याच्याशेजारी धोतर-बंडीतला कुणी म्हातारा, पाठमोरा. आणि दोघांनी मिळून उचललेला बंब.

ओला कागद तसाच घेऊन चाळीत गेलो. फिर्यादी कामावर होता. त्याच्या बायकोनं फोटो पाहिला मात्र, "अगोबाई! हे तर मामंजी! डावा खांदा बघा ना, कसा उतरलेला."

आत खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "मीच दिला, साहेब. मोडीत. रोज पहाटे ही पोर तिथं बसून नारळाची सोडणं फुंकते, खोकते, डोळे चोळते. माझ्या मुलाला बंबाचंच पाणी लागतं. गॅस आहे घरात, दोन स्टीलची पातेली आणली की झालं, असं वाटलं. संध्याकाळी तो आला की दोघांना एकदमच सांगू म्हणत होतो. हा आला तो 'चोर, चोर' ओरडतच. सगळी चाळ गोळा झाली. मग माझी जीभच उचलेना."

पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन कोरी पातेली होती.

"तुमच्यापायी एक माणूस ठाण्यात बसलाय, आजोबा," मी म्हणालो.

"माणूस? धरलाय कुणाला?" ते अनवाणीच निघाले. सून चपला घेऊन मागं धावली.

ठाण्यात त्यांनी त्या तरुणाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. जबाब घेतला तेव्हा दीड वाजला होता. मी माझ्या खर्चानं चहा पाजला, माफी मागितली आणि त्याला पाळीवर धाडलं. हवालदारांनी स्टँडपर्यंत जाऊन रिक्षा करून दिली. प्रकरण गैरसमजातून दाखल झालं म्हणून मिटवलं.

म्हाताऱ्यांचा मुलगा, आमचा फिर्यादी, संध्याकाळी आला. आधी तणतणला, मग खाली बघत म्हणाला, "तिला त्रास होतो हे मला कुणी सांगितलंच नाही." 'तुम्ही कधी विचारलंत?' हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. घरात एकटाच असलेल्या म्हाताऱ्याला सोमवारी मी तरी कुठं एक प्रश्न विचारला होता? फरशीवरचं वर्तुळ मोजलं, दाराची कडी तपासली आणि निघालो. म्हातारं माणूस, त्याला काय माहीत असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. मीही दहा पावलांवर उभा राहून पाठीच बघत होतो, आणि माझ्या हातात तर कॅमेराही नव्हता. पुढच्या सगळ्या नोकरीत घरातल्या सगळ्यात गप्प माणसाशी मी सगळ्यात आधी बोललो. त्याचा फार उपयोग झाला.

महिन्याभरानं तो तरुण पेढे घेऊन ठाण्यात आला. कायम झाला होता. पेढ्यांबरोबर एक फोटो दिला. तीच गॅलरी, फरशीवर तेच काळं वर्तुळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सासरा आणि सून. दोघंही समोर बघून मनापासून हसताहेत.

तो फोटो आजही माझ्या टेबलावर आहे. मागच्या बाजूला त्यानं लिहिलेली ओळ मला तेव्हाही कुणाच्या मदतीशिवाय वाचता आली: '८ – १२५, सकाळ, चार पावलं, विचारून.'