चौथा संघ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही मी हटकून दुसरंच बोलते – मुलाचं शिक्षण, माझे गुडघे, बाल्कनीतली ओल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर गप्प बसले असते. बारा वर्षं गप्पच बसले आहे की.

सुरुवात कुठून करू? हॉकीपासूनच करावी लागेल. हसू नका. मुलींच्या कॉलेज हॉकीवरून कुणी कुणाचा गळा कापतं का, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा असंच वाटत होतं – कॉलेजच्या मॅचेस त्या, त्यात कुणाचं असं काय जाणार आहे?

मी पनवेलच्या एका कॉलेजात क्रीडा शिक्षिका आहे. जिमखान्याची किल्ली माझ्याकडे असते, म्हणजे कॅरमची पावडर संपली की अख्खं कॉलेज मला शोधतं. आमच्या भागात मुली कबड्डीला मिळतात, खो-खोला मिळतात. हॉकीला मिळवायच्या तर वर्गावर्गात जाऊन विनवण्या कराव्या लागतात. तरीही आमचा स्वतःचा झोन होता. विद्यापीठाने कॉलेजांचे विभाग पाडलेले, आणि आमच्या विभागात मुलींच्या हॉकीचे संघ चार. नियमच होता – चार संघ असतील तर झोन राहील, नाहीतर सगळे मुंबईच्या झोनमध्ये ढकलले जातील.

चार संघ म्हणजे आम्ही पनवेल, मग उरण, तिसरं खोपोलीकडचं एक कॉलेज, आणि चौथं कामोठ्याचं. आता खरं सांगायचं तर कामोठ्याचा संघ नव्हताच. तिथल्या ठोंबरे सरांकडे कबड्डीच्या आठ मुली होत्या. त्यांच्या हातात स्टिका द्यायच्या आणि उरणच्या चार राखीव मुली कामोठ्याच्या मुलींच्या नावावर उतरवायच्या – झाला संघ. ही सगळी उठाठेव उरणच्या म्हात्रे ताई करायच्या. स्टिका त्यांच्या, जर्सी त्यांनी शिवून आणलेल्या, मुलींना वडापावही त्यांच्याच पदरचा. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. कामोठ्याच्या मुलींवर पाच-सहा गोल झाले की मी माझ्याच पोरींना ओरडायचे, आता जरा दमानं खेळा. लबाडी होती का? होती. पण त्या लबाडीवर चाळीसेक मुली खरंखुरं हॉकी खेळत होत्या.

म्हात्रे ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. बापजाद्यांची मिठागरं, घरात पाच भाऊ, आणि त्या भावांशी भांडून ही बाई खेळाचं शिक्षण घेतलेली. मी नोकरीला लागले तेव्हा फॉर्म कसे भरायचे, अंपायरला चहा आधी पाजायचा की नंतर, मॅचच्या दिवशी कुठल्या मुलीला घरी काय सांगायचं – सगळं त्यांनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझ्या संघाकडे गोलकीपरचे पॅड नव्हते. त्यांनी त्यांचे काढून दिले आणि स्वतःच्या संघातल्या मुलीला क्रिकेटचे पॅड बांधून उभं केलं. हे मी का सांगते आहे? पुढे जायला पाय उचलत नाही म्हणून, दुसरं काय.

नाझनीनबद्दल सांगते. उरणची गोलकीपर. उंच, हडकुळी, मैदानाबाहेर तोंडातून शब्द नाही. हेल्मेट चढवलं की मात्र अख्ख्या बचावफळीला शिव्यांखेरीज सगळं ऐकवायची. तिचे वडील कतारला. आईची परवानगी मिळेना, म्हणून म्हात्रे ताई मला बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मला का, तर मॅचेस पनवेलला माझ्या कॉलेजच्या मैदानावर व्हायच्या. तिच्या आईने आमच्यापुढे सांदणं ठेवली आणि सरळ सांगितलं, "बाई, मगरिबच्या आत, दिवस मावळायच्या आत पोरगी दारात दिसली पाहिजे. तिच्या अब्बांना फोनवर मी खोटं बोलणार नाही." मी म्हटलं, मी स्वतः एसटीत बसवून देईन. दोन वर्षं दिलंही. बस स्टँडवर ती खिडकीतून हात हलवायची आणि मी घड्याळ बघायचे.

आणि त्याच दोन वर्षांत दोन्ही वेळा फायनलला तिने माझ्या संघाला हरवलं.

एकदा एक-शून्य, एकदा पेनल्टी स्ट्रोकवर. झोनमधून एकच संघ पुढे इंटर-झोनलला जायचा, आणि तो उरणचा जायचा. पुढची स्पर्धा मुंबईत, पण दोन दिवसांचीच. तेवढ्यापुरतं म्हात्रे ताई तिच्या आईला मनवून घेऊन जायच्या आणि गाडी करून परत आणायच्या. दुसऱ्या वर्षी नाझनीनला विद्यापीठाच्या संघात राखीव म्हणून घेतलं. तिसऱ्या वर्षी ती नक्की आत होती, आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीला खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळायची शक्यता असते. घरच्यांना ती हेच सांगायची – अजून एक वर्ष द्या.

आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, मॅडम, उपविजेते अजून किती वर्षं? हसत विचारलं होतं. पण मला झोंबलं. घरी येऊन मी कणीक मळता मळता हिशेब मांडला – हो, मळता मळताच, रागाच्या भरात वगैरे काही नाही. झोन मोडला तर आपण मुंबईच्या झोनमध्ये जाऊ. तिथून चार संघ पुढे जातात. मॅचेस तीन आठवडे चालतात, चर्चगेटकडे, आणि संपायला संध्याकाळ होते. दोन दिवसांसाठी आईला मनवता येतं. तीन आठवडे नाही. म्हणजे नाझनीन येणार नाही. म्हणजे उरण आमच्या वाटेत येणार नाही.

कळलं ना तुम्हाला? झोन मोडला आणि त्यात बिचारी नाझनीन भरडली गेली, असं झालेलं नाही. तिला घरी बसवता यावं म्हणून मी झोन मोडला. त्यांच्या घरात बसून, त्यांची सांदणं खाऊन जे मला कळलं होतं, तेच मी वापरलं.

मी विद्यापीठाला एक निनावी पत्र लिहिलं. टाइप करायला रोडपालीला गेले, तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. पुरावा म्हणून फोटो जोडला – कामोठ्याच्या संघाचा, स्टिका घेऊन उभा असलेला. मीच काढला होता, आणि हौसेने त्याच्या प्रती सगळ्या कॉलेजांना वाटल्या होत्या. त्यातल्या चार मुलींच्या डोक्यावर पेनने खुणा केल्या आणि खाली लिहिलं, या उरण कॉलेजच्या विद्यार्थिनी आहेत. फोटोच्या कडेला म्हात्रे ताई होत्या. त्यांना मी कात्रीने कापून टाकलं. का? त्यांना वाचवायचं होतं म्हणे मला! एका मुलीच्या खांद्यावरचा त्यांचा हात मात्र राहून गेला, हिरव्या बांगड्यांसकट.

विद्यापीठाने चौकशी लावली. आम्हा चौघांना एकाच खोलीत बसवलं. फोटो पुढे सरकवून एकाने विचारलं, हा हात कुणाचा? कुणी काही बोलायच्या आत म्हात्रे ताई म्हणाल्या, "माझा हाय." प्रमाण भाषा, साहेबांपुढची भाषा, सगळं विसरल्या होत्या. मग मला विचारलं – या मुली उरणच्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. मला वाटलं, कळलं यांना. त्या म्हणाल्या, "बरं केलंस नाय बोललीस ते. तू कशाला अडकतेस माझ्यापायी?"

त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. कुठल्याही संघाबरोबर मैदानावर जायचं नाही. कॉलेजने त्यांना लायब्ररीत बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. ठोंबरे सरांना फक्त ताकीद मिळाली, आणि त्यामुळेच सगळ्यांचा संशय त्यांच्यावर गेला. त्या वर्षी त्यांच्या एका मुलीच्या नडगीवर बॉल बसला होता आणि ते चिडून म्हणाले होते, पुढच्या वर्षी मी मुली देणार नाही. एवढं पुरलं. ते शपथेवर सांगत राहिले, पत्र मी लिहिलं नाही. मीटिंगला त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. मी स्वतः एकदा त्यांच्या शेजारून उठून दुसरीकडे बसले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी त्या खुर्चीवर ठेवली.

आणि मी मिळवलं काय? मुंबईच्या झोनमध्ये पहिल्याच मॅचला माझ्या मुली अकरा-शून्यने हरल्या. हिरव्या टर्फवर पळताना घसरून पडत होत्या. त्यांनी तसलं मैदान जन्मात पाहिलं नव्हतं. गोलमध्ये उभी असलेली माझी पोर सातव्या गोलनंतर रडायला लागली आणि मला कुणाची आठवण झाली असेल, ते तुम्हीच ओळखा. दोन वर्षांत माझा संघही बंद पडला.

नाझनीन मला मध्यंतरी पनवेलच्या कापड बाजारात भेटली. कडेवर मूल होतं. मॅडम म्हणून वाकून नमस्कार करायला गेली, मी धरलं. काय करतेस विचारलं तर म्हणाली, कामोठ्यात राहते, घरी शिकवण्या घेते. मग हसून म्हणाली, "लग्न ठरवताना घरच्यांनी हॉकीचं सांगितलंच नव्हतं मॅडम. नवऱ्याला अजून माहीत नाही." मी पण हसले. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस हसतो कसा? मला तर सहज जमलं.

बंदी उठेपर्यंत म्हात्रे ताईंची उमेद संपली होती. शेवटी त्या लायब्ररीतूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं, लोक रडले. त्यानंतरही त्या येत राहिल्या – पनवेलला काही काम निघालं की माझ्याकडे, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. मी किती वेळा ठरवलं, आज सांगायचं. चहा टाकायचे आणि चहा उकळेपर्यंत ठरवायचे. कप भरले की संपलं. मला वाटायचं, आता सांगून काय होणार? वर्षं तर परत येत नाहीत. अशी वाक्यं मला फार पटकन सुचतात.

हे सगळं तसंच पोटात ठेवून मी मेले असते. पण गेल्या महिन्यात ठोंबरे सर गेले.

चार दिवसांनी म्हात्रे ताई दुपारच्या आल्या. चपला काढल्या आणि पंख्याखाली बसल्या. मग सांगायला लागल्या. सर हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांच्या बायकोचा फोन आला होता, यांना एकदा तुम्हाला भेटायचंय. या गेल्या नाहीत. परत फोन आला. बायको म्हणाली, ते एवढंच सांगतायत की ते पत्र त्यांनी लिहिलेलं नाही, मॅडमना तेवढं पटू दे. या तरीही गेल्या नाहीत. मातीलाही गेल्या नाहीत.

"बारा वर्षं त्याच्याशी बोलले नाय मी," त्या म्हणाल्या. "आता झोप लागत नाय गो. मरताना मानूस खोटं बोलंल का? तू सांग शुभांगी. तू तिथं व्हतीस. तुला सगळं म्हाईत हाय."

माझ्याकडेच बघत होत्या. डोळ्यांत नुकताच मोतीबिंदू काढल्याचं पाणी होतं, की दुसरं कसलं, मला कळलं नाही. घरात आम्ही दोघीच होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तीनच शब्दांचं. त्यांनी मला मारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, पुन्हा उंबरठा चढल्या नसत्या. पण त्याच संध्याकाळी कामोठ्याला सरांच्या बायकोच्या दारात जाऊन त्यांना रडता आलं असतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. अगदी कणीक मळताना दिसलं होतं तितकंच स्वच्छ.

मी म्हटलं, "बोलतात ताई. मरतानाही माणसं खोटं बोलतात. तुम्ही गेला नाहीत ते बरंच केलंत."

त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. मग पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, तू हायस म्हणून बरं हाय. चहा प्यायल्या, कप स्वतः विसळून ठेवला. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

पत्र मी लिहिलं. ठोंबरे सर खरं बोलत होते.